सहा घोड्यांइतका वेळ

गेरच्या दारापाशी मोटारसायकल बंद केली
की आधी कुत्री येतात, मग पोरं, मग चहा,
मीठ घातलेला, दुधाळ. तो संपेपर्यंत
दुखण्याचं नाव काढायचं नाही, ही इथली रीत.

मी डॉक्टर नाही. मागे औषधाची पेटी बांधून
चाळीस बिऱ्हाडं हिंडणारा माणूस.
रक्त तपासायचं यंत्र प्रांताच्या गावात,
दोनशे किलोमीटर. वाटेत नद्या दोन, पूल एक.
माझ्याजवळ आहे तो एक प्रश्न :
सकाळी सांधे आखडतात, ते किती वेळ?

मिनिटांत कुणीच सांगत नाही.

लुवसानदोर्ज म्हणतो, 'चुलीत शेण पेटून
चहाला उकळी येईपर्यंत.' म्हणजे वीसेक मिनिटं.
मी त्याचा गुडघा तळहाताखाली धरून वाकवतो.
आत खडीवरून चाक जावं तसं करकरतं.
साठ वर्षं खोगिरात गेली, दोन हाडांमधली गादी झिजली.
बसलं की धरतं, हललं की सुटतं.
'चालत जा रोज.'
'घोडा चालतोच की,' तो म्हणतो.

त्याच्या पैलवान भावाला वेळ विचारावीच लागली नाही.
पायाचा अंगठा, एकच, लालबुंद,
नादामची मेजवानी झाली त्या रात्रीपासून.
पांघरुणाचं टोकही सोसेना.
चरबीचं मटण, वर शहरातून आलेली बीअर;
रक्तातलं आम्ल सांध्यात जाऊन सुयांसारखं गोठलं.
'नऊ वर्षं मला कुणी लोळवलं नव्हतं,' तो म्हणाला,
आणि हसता हसता कळवळला.

दुलमसुरेन बोलायला आलीच नाही.
कोपऱ्यात बादली घासत होती, मनगटानं दाबून.
बोटं वापरत नव्हती.
वय चौतीस.
'तुझं काय?'
'सहा घोड्या,' ती म्हणाली.
'सहा घोड्या पिळून होतात, तेव्हा कुठे मूठ मिटते.'

मी मनात हिशेब केला :
शिंगरू सोडायचं, दोन घोट पाजून ओढून धरायचं,
एक गुडघा जमिनीला, दुसऱ्यावर बादली,
घोडी तर पान्हा चोरणारी जात.
एकीला दहा मिनिटं धरली तरी
तास होऊन गेला.

दोन्ही हातांची तीच बोटं. मुळाशी ऊन, मऊ सूज,
भिजवून ठेवलेल्या कणकेसारखी.
ही झीज नव्हे.
राखणीला ठेवलेली कुत्री
घरच्याच माणसांवर धावून गेलीत.

'थंड पाण्यात हात घालते ना,' सासू म्हणाली.
मग जरा थांबून, 'हिनं कधी हात आखडता घेतला नाही हो.
वाटसरू कोण, कुठला, न विचारता वाडगा पुढे.
आणि आता हातच...'
वाक्य तिनं चुलीत घातलं, वाळक्या शेणाबरोबर.

मी चिठ्ठी लिहिली. तारीख घातली.
'लगेच' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.
नवरा दाराकडे बघत म्हणाला, 'आइरागचा हंगाम संपू दे.
आत्ता पिळणं थांबलं तर घोड्या आटतील.'
'पिळायचं तू,' मी म्हणालो.
घोडी पुरुषाला जवळ येऊ देईल का
यावर मग बराच वेळ चर्चा झाली.
दुलमसुरेननं चिठ्ठी घेतली, दोन तळहातांत धरून,
आणि पेटीत, हिवाळी टोप्यांच्या खाली ठेवली.
खाली. वर नाही. मी पाहून ठेवलं.

धाकटा पोरगा जमिनीवर
मेंढीच्या घोट्याची हाडं फेकत होता.
घोडा पडला तर शुभ. उंट पडला. पुन्हा फेकली.
एक घरंगळत माझ्या बुटाशी आलं :
वापरानं पिवळं, गुळगुळीत,
एका बाजूला ती खोलगट वाट
जिथं कधी दुसरं हाड बिनबोभाट फिरत असेल.

पंधरा दिवसांनी पुन्हा इकडेच येणार, असं मी सांगितलं.
तसं माझ्या फेरीत नव्हतं.

बाहेर वारा. क्लच दाबायला गेलो
तर अंगठ्यानं नकार दिला,
मग दिला, मग ऐकलं.
वेळ मी मोजला नाही.